सरासरी धावांची नव्हे, हिटची

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

परवाच्या अंकात क्रीडापानावर अमेरिकेतल्या बेसबॉलच्या २०२५च्या मोसमातील अव्वल फलंदाजांची चौकट होती. अमेरिकन लीगमध्ये अ‍ॅरन जज ०.३३१, नॅशनल लीगमध्ये ट्रे टर्नर ०.३०४. आकडे बरोबर आहेत. वर मथळा मात्र ‘प्रतिसामना धावा’ असा! ही चूक मला जिव्हारी लागली.

इंदूरच्या क्लब क्रिकेटमध्ये मी बावीस वर्षं स्कोअर लिहिला. आपल्याकडे सरासरी म्हणजे धावा भागिले बाद. ब्रॅडमनच्या कसोटीतल्या ६९९६ धावा ८० डावांतल्या, पण १० वेळा तो नाबाद, म्हणून भागायचं ७० ने, ९९.९४ येतात ते असे. बेसबॉलच्या सरासरीत धावांना जागाच नाही. हिट (चेंडू मारून सुखरूप बेसवर, म्हणजे धावेच्या वाटेवरच्या टप्प्यावर, पोचणं) किती आणि ‘अ‍ॅट बॅट’ (हिशोबात धरलेल्या फलंदाजीच्या पाळ्या) किती, एवढाच भागाकार. पिचरने, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याने, चार बॉल बाहेर टाकल्यामुळे पहिला बेस मिळाला, तर ती पाळी अ‍ॅट बॅटमध्ये धरत नाहीत. १६२ सामन्यांच्या मोसमात (अशा न धरलेल्या पाळ्याही मोजून) निदान ५०२ वेळा फलंदाजीला आल्याशिवाय अव्वल फलंदाजाचा मान सहसा मिळत नाही.

या आकड्याची किंमत बघा. १९४१ साली शेवटच्या दिवशी बोस्टनच्या टेड विल्यम्सच्या ४४८ अ‍ॅट बॅटमध्ये १७९ हिट होत्या, म्हणजे ०.३९९५५. तीन दशांश स्थळांपर्यंत घेऊन ०.४०० धरलीच असती. बाहेर बसला असता तरी चाललं असतं. तो त्या दिवशीचे दोन्ही सामने खेळला, ८ पैकी ६ हिट मारल्या आणि ०.४०६ वर थांबला. त्यानंतर अमेरिकन वा नॅशनल लीगमध्ये पूर्ण मोसमात ०.४०० कुणीच गाठलेली नाही. हे वाचताना आजही माझ्या अंगावर काटा येतो.

आता माझं दुखणं. माझी नात आठवीत आहे, शाळेच्या संघातून सॉफ्टबॉल खेळते. हिशोब तोच. गेल्या हिवाळ्यातल्या स्पर्धेत तीन सामन्यांत तिच्या ८ अ‍ॅट बॅट, ५ हिट. मी कठड्याशी बसून डायरीत लिहीत होतो. सगळे बेस ओलांडून होमपर्यंत, म्हणजे जिथे धाव पुरी होते तिथे, ती पोचली एकदाच, कारण मागून येणाऱ्या मुली बाद होत गेल्या आणि ती दुसऱ्या-तिसऱ्या बेसवर उभीच राहिली. उत्कृष्ट फलंदाजाचं बक्षीस धावा मोजून दिलं गेलं. ज्या मुलीला मिळालं ती गुणी आहे, चपळ आहे, तिच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण आयोजकांच्या कागदावर हिटचा रकानाच नव्हता! घरी येऊन नातीने विचारलं, “आजोबा, मी मारलेलं कुठे लिहितात?” मी काय सांगणार?

तेव्हा विनंती अशी : चौकटीची दुरुस्ती छापावी, आणि पुढच्या वेळी सरासरीशेजारी हिट व अ‍ॅट बॅटही द्यावेत. खेळाचे मास्तर आपलं पान वाचतात, फळ्यावर लावतात. शालेय स्पर्धांच्या आयोजकांनीही हे दोन रकाने आखून घ्यावेत. लिहायला माणूस नसेल तर मी येतो; सकाळी सातला मैदानावर हजर असेन, पेन्सिल-रबर माझं.

आपला,
एक जुना स्कोअरर
रामबाग, इंदूर