सर, सेमिनार झाला, आणि हे तुमच्यासाठी

सर नमस्कार,

समोर बोलायला आलो की तुम्ही "आधी चहा घे" म्हणून विषय बदलता, म्हणून हितं सगळ्यांसमोर लिहितोय.

एमएस्सीच्या सेमिनारला मी झाय सीसी प्लस प्लस घेतलेला, २०१७ च्या जुलैत सर्न ह्या युरोपातल्या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेतल्या एलएचसीबी प्रयोगानं जाहीर केलेला कण, आत दोन चार्म क्वार्क आणि एक अप (क्वार्क म्हणजे प्रोटॉनसारखे कण ज्यांचे बनतात ते, चार्म, अप, डाऊन हे त्यांचे प्रकार), वजन प्रोटॉनच्या जवळजवळ चौपट. पेपर वाचून काही टाळक्यात शिरंना. मी ना तुमच्या कॉलेजचा ना क्लासचा, तरी राजारामपुरीतल्या घरी तुम्ही मला रोज संध्याकाळी बसवून घेतलं.

त्या लग्नपत्रिकेच्या पाठीमागं तुम्ही काढलेल्या सहा रेघा अजून जपून ठेवल्यात. हा कण फुटून शेवटी उरतात ते सहा कण, प्रत्येकाची एक रेघ: एक प्रोटॉन, दोन केऑन, तीन पायॉन. सेकंदाचे एक लाख कोटी भाग केले तर त्यातल्या एकाचा पाव हिस्सा, एवढंच ह्या कणाचं आयुष्य, म्हणजे हातात येतात त्या फक्त ह्या सहा रेघा. प्रत्येकीवर विद्युतभाराचं प्लस मायनस मला घालायला लावलं, चार प्लस, दोन मायनस, बेरीज प्लस दोन, आणि तिकडं तीन क्वार्कांचा भार दोन तृतीयांश दोन तृतीयांश दोन तृतीयांश, तोपण दोनच! लय भारी वाटलं सर तेव्हा, खरंच.

पण खरे आभार २००२ च्या गोष्टीसाठी. अमेरिकेतल्या फर्मिलॅब प्रयोगशाळेच्या सेलेक्स प्रयोगानं ह्याच्या जोडीदाराचा, दोन चार्म आणि एक डाऊनवाल्याचा, दावा केलेला, ३५१९ एमईव्हीला (कणांचं वजन ह्या एककात मोजतात). एलएचसीबीचा आला ३६२१ ला. मी ते एका ओळीत उरकणार होतो, तुम्ही उरकू दिलं नाही. अप काढून डाऊन घातला तर वजनात थोडक्या एमईव्हीचाच फरक पडायला पाहिजे, मग शंभर कुठनं आला, हे माझ्याकडनंच काढून घेतलंत, आणि सेलेक्सचा दावा दुसऱ्या कुठल्या प्रयोगाला दिसला नाही हेपण पेपर उघडून दाखवलंत. सेमिनारात पहिला प्रश्न नेमका हाच आला. बोर्डावर सगळं मांडून दाखवलं, मॅडम शेवटपर्यंत ऐकत होत्या.

आता २०२१ चा टीसीसी प्लस हा कण वाचतोय, दोन चार्म आणि सोबत दोन हलके अँटीक्वार्क (क्वार्कचीच उलट्या भाराची रूपं), तो इतका सैल बांधलेला का ते कळंना झालंय. रविवारी येतो सर, चहा घेईन पण आधी हे सांगा.