विद्यार्थ्यांनी बांधलेली भिंत त्याच दिवशी पाडा

संपादक महोदय,

शाळेत गवंडीकाम, सुतारकाम, नळजोडणी शिकवावी की नाही, याबद्दल आता फारसा वाद उरलेला नाही. ते कसे शिकवावे यावर मात्र पुरेसे बोलले जात नाही. झाडाभोवती पार किंवा मैदानाकडेला बाक मुलांकडून बांधून घ्यायचा आणि त्यापुढे फोटो काढायचा, ही कल्पना सर्वांना आवडते. आमचा तिला विरोध आहे. शिकाऊ मुलांनी बांधलेले काहीही उभे ठेवू नये.

पार कायमचा ठेवायचा म्हटले की सिमेंट आले. सिमेंटमध्ये चुकलेली वीट तासाभराने हलवता येत नाही. मग चूक होऊ नये म्हणून कोपरे गवंडी स्वतः उचलतो, दोरी तोच लावतो आणि मुलांच्या वाट्याला उरते घमेली वाहणे. बाक तयार होतो, पण शिकलेले कोणी नसते. शिवाय शाळेचे काम फुकटात करून घेतल्याचा आरोप होतो, तो अगदीच खोटाही नसतो.

सरावासाठी माल, म्हणजे विटा जोडायचा मसाला, चुन्याचा असावा. एक माप विरलेला (पाणी घालून शमवलेला) चुना, तीन मापे चाळलेली बारीक वाळू. हा चुना हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने सावकाश घट्ट होतो, त्यामुळे तासाभरापूर्वी लावलेली वीट हाताने सुटते आणि थापीने खरवडली की पुन्हा वापरता येते. उरलेला माल गोळा करून प्लॅस्टिकखाली हवाबंद ठेवला तर पुढच्या आठवड्यात मळून पुन्हा चालतो. फक्त पोते पाहून घ्यावे: पाण्याने घट्ट होणारा चुना किंवा सिमेंट मिसळलेला चुना आला तर सगळा बेत फसतो. कळीचा, म्हणजे न विरवलेला चुना तर शाळेच्या आवारातच नको, पाणी लागताच तो उकळतो. विरलेला चुनाही डोळ्यात गेला तर गंभीर इजा करतो. म्हणून चष्मा आणि हातमोजे सक्तीचे, वाहते स्वच्छ पाणी हाताशी, आणि डोळ्यात गेलाच तर निदान 20 मिनिटे धुवून थेट डॉक्टरांकडे. लहान वर्गांना चुनाही नको. त्यांना चिकणमाती आणि वाळूचा चिखल पुरतो.

दोन मुलांच्या जोडीला एकेरी विटेची, चार विटा लांब आणि सहा थर उंच अशी भिंत पुरेशी आहे. वीट 230 × 110 × 75 मिमी आणि सांधा 10 मिमी धरला तर भिंत 950 मिमी लांब आणि 510 मिमी उंच होते. विटा 24 लागतात. त्यातल्या तीन अर्ध्या करायच्या, कारण सांधेमोड, म्हणजे वरचा उभा सांधा खालच्या सांध्यावर न येणे, साधण्यासाठी दर दुसऱ्या थराला दोन्ही टोकांना अर्धी वीट बसते. सांध्यांत साधारण 8 लिटर माल जातो, सांडणारा धरून 12 लिटर कालवावा. अर्ध्या विटा आधीच तयार ठेवाव्यात. मुलांच्या हाती कटर देऊ नये आणि कोरडी वीट यंत्राने कापूच नये. त्या धुळीतला सिलिका फुप्फुसात बसतो तो कायमचा. झाडतानाही आधी पाणी शिंपडावे.

विटेच्या बाबतीत पहिली चूक भिजवण्यात होते. कोरडी वीट मालातले पाणी ओढून घेते, माल भुसभुशीत होतो आणि वीट पकड घेत नाही. फार ओली वीट मालावर तरंगते आणि थर सरकतो. बादलीत बुडबुडे थांबेपर्यंत भिजवून, वरचे पाणी सुकल्यावर लावलेली वीट बरोबर बसते. इथे शाळांना न सुचणारी एक अडचण आहे. लागोपाठच्या तुकड्यांनी त्याच विटा वापरल्या की तिसऱ्या तुकडीपर्यंत त्या पाण्याने तुडुंब होतात आणि मुलांना वाटते आपलाच हात वाईट. विटांचे दोन संच ठेवून आलटूनपालटून वापरावेत.

दुसरी चूक दोरीची. थर सरळ यावा म्हणून ताणलेल्या दोरीला मुले वीट टेकवतात, दोरी किंचित बाहेर ढकलली जाते, पुढची वीट त्या ढकललेल्या दोरीला लागते आणि सहाव्या थरापर्यंत भिंतीला पोट सुटते. वीट आणि दोरी यांत दीड-दोन मिमीची फट दिसत राहिली पाहिजे. थराची उंची डोळ्याने ठरवू नये. फळीच्या पट्टीवर दर 85 मिमीला खूण करून ती दोन्ही टोकांना लावावी. हाताने पाडलेल्या विटा कमीजास्त असतात, म्हणून दहा विटा एकमेकींवर रचून मोजाव्यात, दहाने भागावे आणि त्यात 10 मिमी मिळवून खूण ठरवावी.

खरे शिक्षण मोजण्यात आहे, म्हणून साधन तपासल्याशिवाय काम सुरू होऊ देऊ नये. पाणसळ (सपाटी दाखवणारी बुडबुड्याची पट्टी) एका जागी ठेवून बुडबुडा पाहायचा, मग तिची टोके उलटवून त्याच जागी ठेवायची. बुडबुडा दुसरीकडे गेला तर चूक पाणसळीत आहे, भिंतीत नाही. दोन ठिकाणांची पातळी जुळवायच्या पाणी भरलेल्या लेव्हल पाइपमध्ये हवेचा एक फुगा अडकला किंवा एक टोक अंगठ्याने दाबलेले राहिले तरी पातळी खोटी येते. भिंत उभी सरळ आहे का हे पाहायच्या ओळंब्यात भिंतीला टेकवायच्या गट्टूची रुंदी आणि दोरीला लटकणाऱ्या लोलकाचा व्यास सारखा नसेल तर सरळ भिंतही कललेली दिसते. टेपच्या टोकाचा आकडा (हुक) थोडा हलतो तो मोडला म्हणून नव्हे. तो त्याच्या जाडीइतका हलावा अशीच रचना असते, आत-बाहेर दोन्ही मापे त्यामुळे बरोबर येतात. कोपरा गुण्यात, म्हणजे काटकोनात आहे का हे 600, 800 आणि 1000 मिमीच्या त्रिकोणाने पाहावे. गणिताच्या तासाला पाठ केलेले पायथागोरसचे प्रमेय इथे कामाला येते.

गुणही याच मापांवर द्यावेत, देखणेपणावर नव्हे. दोन्ही टोकांच्या उंचीत आणि ओळंब्यात 3 मिमीपर्यंत फरक चालेल. मोजणी दुसऱ्या जोडीने करावी. मग भिंत वरून एकेक थर उतरवायची, ढकलून पाडायची नाही.

सिमेंट अजिबात शिकवू नये असे नाही, ते प्रयोग म्हणून शिकवावे. 3 किलो सिमेंट आणि 9 किलो वाळूचे दोन घाणे करावेत, एकात दीड लिटर पाणी, दुसऱ्यात 2.4 लिटर. प्रत्येकाच्या दोन लाद्या ओताव्यात, एक ओल्या गोणपाटाखाली, एक उन्हात. सात दिवसांनी खिळ्याने ओरखडले की जास्त पाणी आणि न मारलेले पाणी काय करते हे व्याख्यानाविना कळते. घट्ट होऊ लागलेल्या मालात पुन्हा पाणी घालण्याची साइटवरची सवयही इथेच मोडावी. ओले सिमेंट कातडी भाजते आणि जळजळ उशिरा जाणवते, त्यामुळे हा प्रयोग मोठ्या वर्गांसाठीच, हातमोजे घालून.

नळजोडणीलाही हाच नियम: आट्यांचे (फिरवून बसवायचे) जोड शिकवा, ते उघडता येतात. चिकटवलेला प्लॅस्टिकचा जोड एकदाच होतो. वीजजोडणीचा सराव मुख्य पुरवठ्याला न जोडलेल्या फळीवरच व्हावा.

हे सारे 40 मिनिटांच्या तासिकेत बसत नाही. सलग 90 मिनिटे हवीत आणि त्यातली 20 उतरवण्या-धुण्याला राखून ठेवावी लागतात. दर दहा मुलांमागे एक जाणता माणूस हवा. तो अनुभवी गवंडी असला तर उत्तम, पण शेजारी वर्गशिक्षकही हवा. गवंड्याच्या हाताला जे कळते ते मुलांपुढे मांडायला शिक्षकच उपयोगी पडतो. त्या गवंड्याला मानधनही शिक्षकाच्या बरोबरीने द्यावे.

— बांधकाम कारागिरीचे काही प्रशिक्षक