घाऱ्यांनी कुठल्या रकान्यात बसायचं?

मा. संपादक, स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला, आई-बाबांच्या डोळ्यांच्या रंगावरून बाळाच्या डोळ्यांचा रंग सांगणारा तक्ता पाहिला. म्हणजे आमच्या नणंदबाईंनी तो घरच्या ग्रुपवर टाकून खाली लिहिलं, 'वहिनी, हे बघ गं!' आणि पुढे हसरा चेहरा.

तक्त्यात निळा, हिरवा, तपकिरी. घाऱ्यांनी कुठे जायचं? आम्ही नवरा-बायको दोघंही घारे, म्हणून हिरव्यात शोधलं. हिरवे अधिक हिरवे, तपकिरी मूल एक टक्क्याहून कमी. झालं!

आमचा मुलगा १९८६चा. बारशाला डोळे राखाडी, सगळ्या बायका खूश. वर्षाचा होईतो चांगले गडद तपकिरी झाले. जन्मानंतर रंगद्रव्य साठत जातं, हे कोण ऐकणार? 'दवाखान्यात बदललं नाही ना गं?' असं सासूबाई आल्यागेल्यासमोर विचारायच्या. त्या निदान तोंडावर बोलायच्या. ह्यांनी कधी संशय घेतला नाही. कुणाला गप्पही केलं नाही.

मी पुढे अठ्ठावीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. मेंडेलचे वाटाणे शिकवताना डोळ्यांचं उदाहरण मुद्दाम गाळायची. ते तुम्ही रंगीत छापलंत, आभारी आहे.

एकच जनुक, तपकिरी वरचढ, निळा दबलेला, हे गणित १९०७ सालचं. २००८ मध्ये कोपनहेगनच्या संशोधकांनी दाखवलं की पंधराव्या गुणसूत्रावरच्या ओसीए२ या जनुकाचं काम शेजारच्या एचईआरसी२मधल्या एका बदलामुळे मंदावतं, आणि डोळे निळे होतात. तेवढ्यानंही भागेना. २०२१ मध्ये सुमारे १ लाख ९५ हजार लोकांची जनुकं तपासली, तेव्हा डोळ्यांच्या रंगाशी संबंध असलेल्या जागा भरल्या ६१. तुमचे रकाने तीन! निळ्या डोळ्यांच्या जोडप्यालाही तपकिरी डोळ्यांचं मूल होतं. आता हे नणंदबाईंना कळेल अशा अक्षरांत, त्याच पानावर छापा.

अक्षरांवरून आठवलं. पिवळ्यावर पांढरा मजकूर ही कुणाची कल्पना? माझ्या दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, भिंग घेऊन वाचावं लागलं. आणि शनिवारच्या शब्दकोड्याचं उत्तर अजून आलेलं नाही.

– एक निवृत्त शिक्षिका, चिपळूण