बाई, यंदा मंडईत आमचंही नाटक आहे

आदरणीय बाई,
सप्रेम नमस्कार.

ब्रह्मपुरीहून वैनगंगेचा पूल ओलांडला की वडसा. तुमच्या घरी येऊन हे पत्र हातात देणं काही अवघड नव्हतं. पण इतकी वर्षं नाटक कंपन्यांत कामं केलेल्या तुम्ही आमच्यासाठी जे केलंत ते चार लोकांना कळायला हवं, आणि यंदा ज्या ज्या गावी मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची गावजत्रा, भरणार आहे तिथल्या मंडळांनीही ते वाचायला हवं, म्हणून असं उघड लिहिते आहे.

आधी बातमी. भाऊबीज झाली की आमच्या गावची मंडई. दिवसा चौकात दंडार, म्हणजे आमच्याकडचं लोकनाट्य. पहिल्या रात्री वडशाच्या कंपनीचं नाटक. त्याचा बयाणा मंडळाने पोळ्याच्या सुमारासच देऊन ठेवलाय. दुसऱ्या रात्री आम्ही! बचत गटातल्या बाया आणि कॉलेजात जाणाऱ्या पोरी, तीन अंकी सामाजिक नाटक, रात्री दहाला पडदा. शेजारच्या गावच्या मंडळानेही त्यांच्या मंडईसाठी आम्हाला विचारलंय, आणि पुढे शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतींच्या, वेळी आणखी एका गावचा निरोप आहे. तो अजून पक्का नाही. पण निरोप आला, हेच आमच्यासाठी केवढं मोठं आहे ते तुम्हालाच कळेल.

हे वाचणारे सगळेच झाडीपट्टीतले नसतील, म्हणून दोन शब्द त्यांच्यासाठी. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली हा आमचा धानाचा आणि जंगलाचा मुलूख. १९८२ साली गडचिरोली चंद्रपूरपासून वेगळा झाला, १९९९ साली गोंदिया भंडाऱ्यापासून. पण नाटक बघायला निघालेला माणूस आजही जिल्ह्याची हद्द विचारत नाही, कोणत्या गावी कोणतं नाटक आहे एवढंच विचारतो. दिवाळीनंतर धान निघायला लागतं, बांध्या मोकळ्या होतात, तिथे मांडव पडतो, खाली तणस अंथरलं जातं, आणि पडदा उघडतो तो पहाटेपर्यंत. घरोघरी पाहुणे. लेकी माहेरी आलेल्या. ऑर्गन, तबला, ऑक्टोपॅड, गाणी, रडणं, हसणं सगळं एका रात्रीत. वडशात कंपन्यांची कार्यालयं आहेत. गावोगावची मंडळं तिथे जाऊन तारखा ठरवतात. २०२३ साली आमच्या मातीतल्या परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा कुठे लांबच्या लोकांना कळलं की इथे एवढी मोठी रंगभूमी उभी आहे.

एवढ्या मोठ्या रंगभूमीवर आमच्या गावची बाई मात्र कधी उभी राहिली नव्हती. दंडारीत आणि खडी गंमतीत बाईचं काम पुरुषच करत आले. पुढे नाटकात स्त्री कलाकार आल्या, त्या बहुतेक बाहेरगावच्या. आमच्याकडची पोरं मंडळाच्या नाटकात हौसेने कामं करायची आणि नायिका नागपूरकडून यायची. आम्ही तणसावर बसून बघायचो.

म्हणून आम्ही तुमच्याकडे आलो तेव्हा साड्या आणि दागिने भाड्याने कुठे मिळतात, इतकंच विचारायला आलो होतो. तुम्ही विचारलंत, नाटक बसवतंय कोण? आम्ही एकमेकींच्या तोंडाकडे बघायला लागलो. पुढच्या रविवारी तुम्ही बसमधून उतरलात आणि सरळ समाजमंदिरात आलात. इतकी वर्षं हंगामभर रात्री जागून काम केलेली बाई, घरी आराम करायचा सोडून, रोवणा (भातलावणी) आटोपल्यापासून आमच्या तालमी घेते आहे. बसभाडंसुद्धा तुम्ही घेतलं नाहीत.

तुम्ही काय काय शिकवलंत ते कुठून सुरू करू? वरून टांगलेल्या माइकखाली नेमकं कुठे उभं राहायचं आणि बोलता बोलता, कुणाच्या लक्षात न येता तिथवर कसं पोचायचं. प्रॉम्प्टर वाक्याचे पहिले दोन शब्द देतो, उरलेलं आपल्या पोटातून यायला हवं. समोरून शिट्टी आली तर थांबायचं नाही आणि चिडायचंही नाही. पुढचं वाक्य थोडं हळू आवाजात म्हणायचं, म्हणजे ऐकायला लोकच शिट्टीवाल्याला गप्प करतात. दोन प्रवेशांच्या मधे नऊवारी कशी नेसायची. तिसऱ्या अंकापर्यंत, म्हणजे पहाटे तीन-चारपर्यंत, आवाज टिकवायचा तर पहिल्या अंकात ओरडायचं नाही. आमच्यातल्या एकीचा आवाज तालमीतच बसायचा. तिला तुम्ही आठवडाभर फक्त कुजबुजत संवाद म्हणायला लावलेत. आता तिचं बोलणं समाजमंदिराच्या बाहेर चावडीपर्यंत ऐकू जातं.

आणि विनोदी पात्र! आमच्याकडे विनोदी काम म्हणजे पुरुषाचं, हे ठरलेलंच. तुम्ही ते आमच्या भाजीवाल्या वहिनींना दिलंत. बाईच्या अंगावरून किंवा रंगावरून केलेला एकही विनोद तुम्ही संहितेत राहू दिला नाहीत, आणि तरी तालमीत आम्ही पोट धरून हसतो. प्रेक्षकांना तसलंच लागतं, असं जे म्हणतात त्यांनी दुसऱ्या रात्री यावं आणि वहिनींचा बाजाराचा प्रवेश बघावा. मला तर वाटतं, प्रेक्षकांना काय लागतं हे आपण त्यांना न विचारताच ठरवून टाकलं आहे.

एका घरची गोष्ट मात्र लिहायलाच हवी. त्यांची हरकत नाही, मी विचारून घेतलंय. आमच्या नायिकेच्या सासूबाईंचा विरोध होता. नाटकातल्या बाया म्हणजे कशा, हे त्या चारचौघांत बोलायच्या. तुम्ही त्यांच्या ओसरीवर जाऊन बसलात. नाटकाचा विषयच काढला नाहीत. त्यांच्यासोबत लाखोळीची डाळ निवडत बसलात आणि विचारलंत, रोवण्याची गाणी येतात का हो तुम्हाला? त्यांना एवढी गाणी येतात हे त्यांच्या सुनेलाही माहीत नव्हतं. त्या गात राहिल्या, तुम्ही वहीत उतरवून घेत राहिलात. त्यातलं एक गाणं आता दुसऱ्या अंकाच्या सुरुवातीला आहे आणि ते पडद्यामागून त्या स्वतःच म्हणणार आहेत. तालमीला आता सुनेच्या आधी त्या हजर असतात.

आता ज्या गोष्टीसाठी हे पत्र मुद्दाम लिहायला घेतलं, ती. आम्ही मानधनाचं विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, मला काही नको, पण पहिल्या रात्री कंपनीसोबत ज्या पोरी येतील त्यांना आतून कडी लागेल अशी खोली द्या. आणि मग तुम्ही सांगितलंत. कोणत्याही गावाचं नाव न घेता, कुणावर राग न धरता सांगितलंत. रात्रभर ज्या बाईसाठी टाळ्या वाजतात, तिला त्याच गावात संध्याकाळी कपडे बदलायला पडद्याचा आडोसाही नसतो. पडद्याला भोकं असतात. न्हाणीघर मागितलं तर चेहरे बदलतात. पहाटे नाटक सुटल्यावर थंडीत गाडीतच झोपायचं आणि दुपारी पुढच्या गावी निघायचं. पाळीच्या दिवसांत काय करायचं, हे तर कुणाला विचारायचीही सोय नसते. हे तुम्ही किती शांतपणे सांगितलंत! आम्ही बायकाच होतो समोर, आणि आमच्याच गावात दरवर्षी कुणी ना कुणी नायिका येऊन गेली होती.

बाई, तुमचं मागणं मंडळाच्या बैठकीत आम्ही ठेवलं. थोडी चर्चा झाली, पण ठराव झाला. शाळेच्या दोन खोल्या मुख्याध्यापकांनी दिल्यात, दोन्हींना आतून कड्या बसवल्या. शेजारच्या दोन घरांनी न्हाणीघर आणि संडास वापरायला देऊ केलाय. गरम पाण्याची जबाबदारी बचत गटाकडे. रात्रीचं जेवण कलाकारांना नाटकाआधी, पंगतीत, पाहुण्यांच्या बरोबरीने. खोलीबाहेर आमच्यातल्या दोघी बसतील. मांडवामागे कपडे बदलायला पत्र्याची खोली केलीय, कापडाची नाही. खर्च फार आला नाही. ज्या मंडळांना वाटतं की हे परवडणार नाही, त्यांनी आमचा हिशोब मागून घ्यावा, आम्ही आनंदाने देऊ.

२०२० साली टाळेबंदीत हंगाम बुडाला तेव्हा तुमचे दिवस कसे गेले, ते तुम्ही एकदा बोलता बोलता सांगितलंत. चार-पाच महिन्यांच्या कमाईवर वर्ष काढणाऱ्या माणसांचे ते चार-पाच महिनेच गेले. त्याआधी २०१४ साली न्यायालयाच्या निकालाने शंकरपट बंद झाले, तेव्हाही काही गावांच्या तारखा गेल्या, कारण दिवसा पट आणि रात्री नाटक अशी जोडीच होती. २०२१ च्या डिसेंबरात शर्यतींना पुन्हा परवानगी मिळाली तेव्हा तुम्ही बैलांसाठी नाही, नाटकांच्या तारखांसाठी पेढे वाटले होतेत, असं तुमच्या शेजारणीने सांगितलं. एवढं सगळं सोसून तुमच्याकडे हंगामाबद्दल एक कडू शब्द नाही. आम्हाला मात्र तुम्ही पहिल्याच दिवशी बजावलंत की नाटक फुकट दाखवायचं नाही, तिकीट लावायचं, कमी लावा पण लावा. त्याप्रमाणे तिकीट लावलंय. खुर्चीचं वेगळं, खाली बसण्याचं वेगळं. पहिल्या दोन रांगा गावातल्या म्हाताऱ्या बायांसाठी राखून ठेवल्यात, त्यांना तिकीट नाही. हा निर्णय आमचा, तुम्हाला न विचारता घेतलेला. तो तुम्हाला आवडेल अशी खात्री आहे.

पडदे रंगवणाऱ्या दादांशी तुम्हीच बोललात, ऑर्गनवाल्या मास्तरांना तुम्हीच पाठवलंत, दागिन्यांची पेटी तर तुमची स्वतःचीच आली. त्या पेटीतली नथ नायिकेने कोणत्या प्रवेशात घालायची यावर आमच्यात अजून वाद चालू आहे. तो तुम्हीच मिटवा.

एक विनंती. तुम्ही म्हणालात की त्या रात्री तुम्ही विंगेत उभ्या राहाल. बाई, विंगेत आम्ही तुम्हाला उभं राहू देणार नाही. प्रॉम्प्टिंगसाठी आमच्यातल्या दोघी तयार आहेत, तुम्हीच तयार केल्यात. तुम्ही समोर बसायचं, सासूबाईंच्या शेजारी. नारळ तुमच्या हातून फोडायचा आणि पडद्याआधी माइकवर तुमचं नाव घेतलं जाईल, तेव्हा उठून उभं राहायचं. नको म्हणायचं नाही.

पहिल्या दिवशीच दुपारपर्यंत या, म्हणजे दंडारही बघता येईल आणि कंपनीतल्या पोरींची खोली नीट आहे की नाही ते तुम्हाला स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येईल. काही कमी वाटलं तर रात्रीच्या आत करून घेऊ. दोन्ही रात्री मुक्काम माझ्याकडे. ब्रह्मपुरीच्या बसस्टँडवर माझा मुलगा गाडी घेऊन उभा राहील. येताना ती रोवण्याच्या गाण्यांची वही आठवणीने आणा. सासूबाईंना आणखी दोन गाणी आठवली आहेत.

मनापासून आभार, बाई.

तुमच्या,
महिला नाट्य मंडळातल्या सगळ्याजणी
(लिहिणारी: मंडळाची सचिव)
ता. ब्रह्मपुरी, जि. चंद्रपूर