शिट्टी न वाजणारा कुकर

चि. मृणाल,
अनेक आशीर्वाद.

तुझा फोटो पाहिला. तुझ्या विजेवरच्या कुकरवर, त्या इन्स्टंट पॉटवर, ‘बर्न’ अशी लाल अक्षरं आणि खाली तुझा प्रश्न, “बाबा, परत करून टाकू का?” फोनवर सांगायला लागलो तर आईनं मध्येच फोन घेतला आणि गाडी हुलग्याच्या पिठावर गेली. म्हणून लिहूनच पाठवतोय. परत करू नकोस. दादानं आणलेला असाच कुकर आता इथं मीच चालवतो, आई त्याला हात लावत नाही. शिट्टी नाही तर शिजलं कसं कळणार, हा तिचा मुद्दा. आणि तो अगदीच चुकीचा नाही.

आपल्या गॅसवरच्या कुकरची शिट्टी साधारण १ किलो दाबाला उचलते. किलो म्हणजे चौरस सेंटिमीटरला, आमच्या कारखान्याच्या बॉयलर हाउसमधलं मोजमाप. त्या दाबाला आतलं पाणी १२१ अंशांवर जातं. तुझा कुकर ‘हाय’ लावला तरी पाऊण किलोच्या आसपासच राहतो, म्हणजे ११५ ते ११८ अंश. ऐकायला फरक एवढासा, पण तूरडाळ तेवढ्यावर अडून बसते. तुझं वरण दाताखाली येतं ते त्यामुळे. डाळ अर्धा तास भिजव आणि आईच्या हिशेबापेक्षा चार-पाच मिनिटं जास्त दे.

तीन शिट्ट्या हे मोजमाप मला आधीपासूनच पटलेलं नाही. गॅस मोठा असला की त्या भराभर होतात, बारीक असला की दुसरीची वाट बघत बसायचं. तुझ्या कुकरात दाब पुरेसा झाला की वीज आपोआप तुटते, उतरला की पुन्हा येते. जादा वाफच होत नाही, मग वाजणार काय? आणि तू लावलेली मिनिटं दाब भरल्यावर मोजायला लागतात. त्यामुळे ‘दहा मिनिटांची’ डाळ जेवायला बसेपर्यंत अर्ध्या तासावर जाते. आई म्हणाली, “मग घेतलाच कशाला?” कारण तो लावून माणूस आंघोळीला जाऊ शकतो.

आता वरण-भात. भांड्यात एक वाटी डाळ, तीन वाट्या पाणी, हळद, हिंग आणि चमचाभर तेल. तेलानं फेस कमी येतो. त्यात स्टँड ठेवून वर तांदळाचं भांडं, वाटीला दीड वाटी पाणी. हायवर दहा मिनिटं. भात थोडा गुरगुट्या होईल, वरणाबरोबर तो तसाच बरा लागतो. मोकळा हवा असेल तर वेगळा लाव. धुतलेल्या तांदळाला बरोबरीनं पाणी आणि पाच मिनिटं पुरतात. इथं वाफ बाहेर जात नाही, म्हणून गॅसवरच्या सवयीनं दुप्पट पाणी ओतलंस तर पेज होईल.

वेळ संपली की लगेच व्हॉल्व्ह उघडू नकोस. डाळ-भाताला निदान दहा मिनिटं आपोआप उतरू दे. आतलं पाणी शंभराच्या वर तापलेलं असतं. दाब एकदम काढलास तर ते सगळं एका वेळी उसळतं आणि डाळीचा फेस घेऊन व्हॉल्व्हमधून ओट्यावर येतं. कारखान्यात स्टीमची ओढ अचानक वाढली की बॉयलरचं पाणीच वाफेबरोबर लाइनीत जायचं, त्याला आम्ही प्रायमिंग म्हणायचो. आमचा बॉयलर २१ किलोचा होता आणि तुझा पाऊण किलोचा आहे, पण वाफेचा स्वभाव तोच. डाळ, तांदूळ असलं फुगणारं काहीही अर्ध्या भांड्याच्या वर भरायचं नाही, ते याचसाठी. भाजीला मात्र वाफ लगेच काढ, नाहीतर फ्लॉवरचा लगदा होतो. काढताना हात बाजूला ठेव आणि कुकर कपाटाखालून पुढे ओढून घे. तुमच्याकडची ती दाबलेल्या भुश्याची कपाटं वाफेनं फुगतात.

झाकणावरची छोटी पिन वर असेपर्यंत, म्हणजे आत दाब असेपर्यंत, झाकणाशी झटापट करायची नाही. प्रेशर कुकरचा मूळ पुरुष डेनिस पापिन. त्यानं १६७९ साली लंडनमध्ये हे भांडं केलं, आणि सेफ्टी व्हॉल्व्हही त्यानंच बसवला. साडेतीनशे वर्षं होत आली, आम्ही बॉयलरवाले अजून त्याच्याच जिवावर झोपतो.

‘बर्न’चं आता सांगतो. फोटोत भांड्याच्या तळाला कांद्याचा मसाला करपलेला स्पष्ट दिसतोय. फोडणी त्याच भांड्यात केलीस आणि वर टोमॅटोची दाट प्युरी ओतलीस, हो ना? तळाखाली सेन्सर असतो. दाट रस्सा तळाशी बसला की तिथं वाफ धरत नाही, तळ तापत जातो आणि सेन्सर वीज तोडतो. म्हणजे कुकरनं आपलं काम चोख केलंय. मसाला परतून झाला की अर्धी वाटी पाणी घाल, लाकडी उलथन्यानं तळ खरवडून मोकळा कर, मग बाकीचं. टोमॅटो सगळ्यात वर, न ढवळता. एक कपभर पाणी तरी आत हवंच.

राजमा ‘स्लो कुक’वर कधीही लावायचा नाही, हे नीट लक्षात ठेव. कच्च्या राजम्यात एक विषारी द्रव्य असतं. ते खळखळून उकळल्यावरच मरतं, आणि स्लो कुकला तेवढी उष्णता मिळेलच असं नाही. उलट्या-जुलाब होतात. रात्रभर भिजव, ते पाणी टाकून दे, आणि प्रेशरवर अर्धा तास.

दह्यासाठी मात्र याला तोड नाही. तुमच्या थंडीत ओट्यावर दही लागणं कठीणच. दूध तापवून कोमट होऊ दे, चमचाभर विरजण लाव, ‘योगर्ट’चं बटण दाबून झोपायला जा. सकाळी वडीसारखं दही. मोदकांना ‘स्टीम’ लाव, व्हॉल्व्ह उघडा ठेव आणि मिनिटं स्वतःच्या घड्याळावर मोज. दाब नसला की त्याचं घड्याळ सुरूच होत नाही.

झाकणातली रबरी रिंग लसूण-हिंगाचा वास धरते. दुसरी मागवून ठेव, एक तिखटाला आणि एक खिरीला. नाहीतर हिंगाच्या वासाची खीर पाहुण्यांना वाढशील.

दादा सांगत होता, इन्स्टंट पॉट तुझ्या ओटावातच तयार झाला. रॉबर्ट वांग नावाच्या इंजिनिअरनं तो २०१० साली बाजारात आणला. इतकी वर्षं तिथं राहून हे तू आम्हाला सांगायला हवं होतंस.

उन्हाळ्यात येताना तो बॅगेत घालून आणायचा विचार असेल तर सोड. तुमचे १२० व्होल्ट, आमचे २३०. लावल्या लावल्या जळेल, आणि हजार वॅटचा ट्रान्सफॉर्मर मी वाहून आणणार नाही. त्या जागेत जावईबापूंना म्हणावं मेपल सिरप आणा.

तुझा,
बाबा

ता.क. आई विचारते, हुलग्याचं पीठ संपलं का? संपलं नसेल तर आख्खे हुलगे पाठवते म्हणते. ते रात्रभर भिजव आणि कुकरला अर्धा तास दे. वरचं पाणी टाकू नकोस, त्याचं कढण कर.