दसरा चौकाची एकच वही

कोल्हापूर

प्रिय भावा,

तुझं पत्र पोचलं. दसरा चौकाच्या इतिहासाचं हे काय मनावर घेतलंयस, असं विचारलंस. सांगतो.

सीमोल्लंघनाला सोनं लुटायला आपण त्या मैदानात जायचो. भोवती जैन, लिंगायत, मुस्लिम अशी बोर्डिंगं उभी, पण त्यांच्याकडे लक्ष कोणाचं होतं? आता एकेकाची स्मरणिका वाचतोय. प्रत्येक समाजानं आपापला इतिहास जपलाय, मनापासून जपलाय. पण शेजारच्या बोर्डिंगचा त्यात उल्लेखसुद्धा सापडत नाही. सगळ्या चौकाचा मिळून इतिहास कोणी लिहिलेला माझ्या तरी पाहण्यात नाही, आणि मला तोच हवाय.

शाहू महाराजांनी १८९६ मध्ये सगळ्यांसाठी एकच वसतिगृह काढून पाहिलं होतं. तिथं बहुजनांची पोरं टिकेनात. मग १९०१ मध्ये मराठा आणि जैन, १९०६ मध्ये मुस्लिम, १९०८ मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क, अशी बोर्डिंगं निघत गेली. मुस्लिम समाजाच्या शिक्षणसंस्थेचं अध्यक्षपद तर महाराजांनी स्वतः घेतलं. भाषणांत आपण ‘सगळे एकत्र नांदले’ म्हणून मोकळे होतो. खरं तर चुली वेगळ्या होत्या. ज्या पोराला गावात कोणी ओसरीवर घेत नव्हतं, त्याला शहरात हक्काचं अंथरूण आणि दोन वेळचं जेवण मिळावं, ही त्यामागची निकड होती. हे वेगळेपण झाकून लिहिलेला इतिहास मला खोटा वाटतो.

आणि तरीही पोरं एकमेकांकडे जायचीच. आमचे काका जैन बोर्डिंगात होते. गणिताचं पुस्तक ते मुस्लिम बोर्डिंगातल्या एका मुलाकडून आणायचे आणि परीक्षेच्या आदल्या रात्री दोघं मैदानातल्या दिव्याखाली बसायचे. हे कुठल्या स्मरणिकेत येणार? संस्थानचे हुकूम पुराभिलेखागारात मिळतील, पण प्रवेशाची रजिस्टरं, जेवणाचे हिशेब, ग्रुप फोटो बोर्डिंगांच्या कपाटांत आणि माजी विद्यार्थ्यांच्या घरांतच असणार. वाळवी काही कुणासाठी थांबत नाही. काका गेल्या वर्षी गेले. त्यांचा आवाज कुठंच नाही, याची फार हळहळ वाटते रे.

म्हणून तुझ्याकडे मागणं आहे. अब्बाजी मुस्लिम बोर्डिंगात राहिलेत. त्यांना बोलतं कर आणि मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेव. खोलीत कोण कोण होतं, गावाहून काय यायचं, समोरच्या बोर्डिंगात कोणाशी दोस्ती होती, भांडण कशावरून झालं, सगळं विचार. गोड तेवढंच नको. जुने फोटो असतील तर मागच्या बाजूची नावंही टिपून घे. लिंगायत बोर्डिंगातल्या दोघा आजोबांकडे मी या रविवारी जातोय.

अब्बाजींना नमस्कार. वहिनींना आणि पोरांना आठवण सांग.

तुझाच,
बाळू