चार नेटवर्क कार्डांच्या सर्व्हरची जोडणी ठरल्याप्रमाणे न केल्याबद्दल तक्रार

कराड, दि. ८ ऑक्टोबर २०२५

प्रति,
ग्राहक सेवा प्रमुख

विषय: जून महिन्यात बसवलेल्या सर्व्हरची सदोष जोडणी दुरुस्त करून मिळणे व भेटशुल्क परत मिळणे

महोदय,

मी कराडमध्ये गेली एकोणीस वर्षे डीटीपी आणि छपाईचे काम करतो. १२ जून रोजी आपल्या कंपनीने माझ्या दुकानात सर्व्हर बसवला. त्याचे जीएसटीसह १,१८,००० रुपये मी एकरकमी दिले. व्यवहार ठरला त्या दिवशी आपल्या प्रतिनिधीने माझ्याच टेबलावर, लग्नपत्रिकेच्या कोऱ्या कार्डाच्या पाठीमागे आकृती काढून दाखवली होती. ते कार्ड माझ्याकडे अजून आहे. मधोमध सर्व्हर आणि त्यातून निघालेल्या चार रेघा. पहिल्या नेटवर्क कार्डाला (सर्व्हरमध्ये केबल जोडायच्या भागाला) फायबरचा मोडेम, दुसऱ्याला आतल्या खोलीतली पाच मशीन, तिसऱ्याला काउंटर आणि गिऱ्हाइकांचे वायफाय, चौथ्याला डिजिटल प्रिंटर. "काका, फायली एका जागी राहतील, इंटरनेट सगळीकडे मिळेल आणि काउंटरवरच्या माणसाला आतलं काही दिसणार नाही. त्यासाठीच तर तीन जादा कार्डं घालतोय," असे ते म्हणाले होते. बिलात ही तीन कार्डे प्रत्येकी २,१०० रुपये अशी वेगळी लावलेली आहेत.

कार्डे बसली आहेत. ज्या कामासाठी ती घेतली, ते काम मात्र झालेलेच नाही, आणि हे मला एका शाळकरी मुलाकडून कळले.

२६ सप्टेंबरला संध्याकाळी नववीतला एक मुलगा प्रकल्पाची प्रिंट घ्यायला आला होता. त्याला फाइल उतरवून घ्यायची होती म्हणून मीच वायफायचा पासवर्ड सांगितला. दोन मिनिटांनी त्याने मोबाइल माझ्यापुढे धरला आणि विचारले, "काका, हे तुमचंच आहे का?" फायलींच्या ॲपमध्ये माझ्या सर्व्हरचे सगळे फोल्डर दिसत होते. पत्रिका, बिले, दिवाळी अंक, आधार-पॅन झेरॉक्स. आणि त्याखाली 'प्रश्नपत्रिका', त्यात 'नववी प्रथम सत्र'. कुठेही पासवर्ड विचारला जात नव्हता. त्याने फोल्डर उघडला नाही, तसाच माझ्या हातात मोबाइल दिला. त्या मुलाचे मला फार कौतुक वाटते. पण त्याच्याआधी साडेतीन महिन्यांत ते वायफाय किती जणांनी वापरले, याचा हिशोब माझ्याकडे नाही.

आमच्याकडे तालुक्यातल्या तीन शाळांच्या प्रश्नपत्रिका अक्षरजुळणीला येतात. मुख्याध्यापक त्या शिपायाबरोबर न पाठवता स्वतः पाकिटातून आणून देतात, इतका त्यांचा विश्वास आहे. त्याच रात्री मी तिघांनाही फोन करून खरे ते सांगितले. दोन शाळांनी प्रश्नपत्रिका बदलल्या. त्या मी पुन्हा विनामोबदला जुळवून दिल्या. तिसऱ्या शाळेने पुढच्या परीक्षेचे काम दुसरीकडे दिले आहे, आणि त्यांना दोष देण्याजोगे माझ्याजवळ काही नाही. लोकांच्या आधार कार्डांच्या प्रती मी पुसून टाकल्या, वायफायच्या डबीची केबल उपसून ठेवली. आज बारा दिवस झाले, माझे गिऱ्हाईक वायफायवाचून परत जाते आहे.

माझी मुलगी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तिने पाहिले तर काउंटर, वायफाय, प्रिंटर आणि आतली मशीन अशा सगळ्यांचे नेटवर्कवरचे (आयपी) पत्ते १९२.१६८.१ या एकाच मालिकेतले, म्हणजे एकाच जाळ्यातले निघाले. आपल्या तंत्रज्ञाला फोनवर विचारले तेव्हा त्यांनी सरळ कबूल केले, "प्रिंटर आतल्या मशीनला दिसत नव्हता, म्हणून तिन्ही कार्डं ब्रिज करून एकत्र जोडली." म्हणजे तीन स्वतंत्र जाळ्यांचे एकच जाळे झाले. असे जाळे तर बाजारातला साधा नेटवर्क स्विच, म्हणजे केबली एकत्र जोडणारी डबीही करून देते, त्यासाठी सर्व्हरमध्ये कार्डे कशाला घालायची? वेगळ्या जाळ्यातला प्रिंटर आपोआप यादीत दिसत नाही, हे खरे. पण त्याचा पत्ता कायम करून पाचही मशीनमध्ये हाताने भरायचा आणि सर्व्हरवर तेवढीच वाट मोकळी ठेवायची, हे अर्ध्या तासाचे काम होते. तो अर्धा तास वाचवण्यासाठी आतली भिंतच पाडली गेली.

दुसरी गोष्ट इंटरनेटची. आमच्याकडे पावसाळ्यात वीज तासन्‌तास जाते. यूपीएस संपला की सर्व्हर बंद पडतो आणि वीज आली की सुरू होतो. दर वेळी फायली मिळतात, पण इंटरनेट एकाही मशीनवर येत नाही. तीन वेळा तंत्रज्ञ आले, तिन्ही वेळा ५०० रुपये अधिक जीएसटी असे ५९० रुपये घेतले. तिसऱ्या वेळी मी मागे उभा राहून पाहिले. त्यांनी एक ओळ टाइप केली, एका ठिकाणचे शून्य काढून एक केले आणि इंटरनेट सुरू! एका कार्डावरून आलेली माहिती दुसऱ्या कार्डावर पुढे पाठवण्याची परवानगी लिनक्समध्ये, म्हणजे सर्व्हर ज्या प्रणालीवर चालतो तिच्यात, मुळात बंद असते. ती नुसती आज्ञा देऊन चालू केली तर पुढच्या वेळी सर्व्हर सुरू होताना पुन्हा बंद होते. कायमची हवी असेल तर सेटिंगच्या फाइलमध्ये लिहून ठेवावी लागते. जूनमध्येच ती ओळ फाइलमध्ये गेली असती तर या तीन फेऱ्या पडल्या नसत्या. मीच लिहिली असती, पण सर्व्हरचा मुख्य पासवर्ड आपल्या कंपनीने मला दिलेला नाही. पूर्ण पैसे भरून घेतलेल्या वस्तूची किल्ली विकणाऱ्याकडेच राहावी, हे मला मान्य नाही.

केबलचेही सांगायला हवे. कार्ड गिगाबिटचे (म्हणजे १,००० एमबीपीएस वेगाचे), स्विच गिगाबिटचा, तरीही फायली सेकंदाला ११ एमबीच्या पुढे जात नव्हत्या. दिवाळी अंकाचा ९ जीबीचा फोल्डर उचलायला जवळजवळ १४ मिनिटे लागायची. एरवी हे काम दीड मिनिटाचे आहे. वसुबारसेच्या आत अंक बांधून द्यायचा असतो, तेव्हा ही मिनिटे जिवावर येतात. शेवटी सर्व्हरपासून स्विचपर्यंतच्या केबलचा जॅक भिंगाखाली धरला. नारिंगी आणि हिरवी जोडी आत गेलेली, निळ्या आणि तपकिरी जोडीच्या तारा कडेलाच कापलेल्या. चार तारांवर १०० एमबीपीएसच चालते, गिगाबिटला आठही तारा लागतात. हे केबल ओढणाऱ्याला ठाऊक नसेल असे मला वाटत नाही.

माझ्या मागण्या अशा. गिऱ्हाइकांचे वायफाय तीन दिवसांत वेगळे करून द्यावे. त्यावर फक्त इंटरनेट मिळावे. फाइल शेअरिंग केवळ आतल्या खोलीच्या कार्डावर चालू राहावे आणि प्रत्येक ऑपरेटरला स्वतःचा पासवर्ड असावा. मोडेमच्या बाजूच्या कार्डावर तर शेअरिंग मुळीच नको. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस याच शेअरिंगच्या ४४५ क्रमांकाच्या पोर्टमधून (नेटवर्कवरच्या दारातून) जगभर पसरला होता. बाकी सगळे पंधरा दिवसांत व्हावे: सेटिंग कायमची करणे, केबलचे जॅक आठ तारांनी पुन्हा लावणे, कोणत्या कार्डाला काय जोडले आहे याचा लेखी नकाशा आणि मुख्य पासवर्ड माझ्या हाती देणे. तिन्ही भेटींचे १,७७० रुपये परत मिळावेत. काम झाल्यावर आपल्या माणसाने माझ्यासमोर सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू करावा आणि वायफायवरून फोल्डर उघडून पाहावेत. ते उघडले नाहीत तरच मी सही करीन.

हा व्यवसाय माझ्या पोटापाण्याचा आहे, मी स्वतः मशीनवर बसतो. त्यामुळे ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मला लागू होतो. मुदतीत काम झाले नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आणि त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार नोंदवीन.

तंत्रज्ञ पाठवताना आदल्या दिवशी कळवावे, म्हणजे मशीनवरची कामे मी आधी हातावेगळी करीन.

आपला ग्राहक,
(सही)

सोबत: बिलाची प्रत, तिन्ही भेटींच्या पावत्या, आकृती काढलेल्या कार्डाची झेरॉक्स, कापलेल्या जॅकचे छायाचित्र